प्राणी गोळा करण्याच्या खेळांतली लढाई मुलांना नेमकी कशी दिसते?

शब्दवेडी

आमच्या घरी सध्या एका विषयावर मतभेद आहेत, आणि तो विषय वरवर दिसतो त्याहून बराच खोल असल्यामुळे येथे सविस्तर मांडत आहे. माझा मुलगा पहिलीत आहे. त्याला पोकेमॉनचे, म्हणजे काल्पनिक प्राणी पकडून त्यांच्या लढती लावण्याच्या जपानी खेळाचे आणि कार्टूनचे, विलक्षण वेड आहे. कार्टून तो हिंदीतून पाहतो, शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून कार्डांची पाकिटे आणतो आणि सुट्टीत आतेभावाच्या जुन्या निन्टेन्डोवर खेळतो. माझ्या सासूबाईंचा या सगळ्याला ठाम विरोध आहे. रानातला मुका जीव पकडायचा, त्याला डबीत कोंडायचे आणि हौस म्हणून दुसऱ्या जिवाशी त्याची झुंज लावायची, याला मुलांचा खेळ कसे म्हणायचे, असा त्यांचा प्रश्न आहे. हा प्रश्न मला उडवून लावण्यासारखा मुळीच वाटत नाही.

तरीही मुलाचे खेळणे जवळून पाहिले की वेगळेच काही दिसते. परवा तो फरशीवर आपले प्लॅस्टिकचे प्राणी घेऊन बसला होता. एकाची शेपटी तुटलेली आहे. दोघांची टक्कर झाली, तोंडाने विजेचा आवाज काढून झाला आणि शेपटीतुटका आडवा पडला. ही लढाई फार तर अर्धा मिनिट चालली असेल. त्यानंतर मात्र त्याने साबणाची रिकामी डबी आणली, तिच्यात हातरुमालाची घडी पसरली, हरलेल्याला त्यात निजवले, त्याच्या तोंडाशी एक चुरमुरा ठेवला आणि जिंकलेल्यालाही त्याच्या शेजारी आणून झोपवले. हे सगळे तो कितीतरी वेळ करत होता. मी विचारले, "मेला का रे तो?" त्यावर जवळजवळ दुखावल्यासारखा म्हणाला, "मरत नाहीत गं ते. दमतात."

सासूबाईंना आणि मला जी झुंज दिसते, तीच त्याला दिसत असेल का? स्क्रीनचा वेळ, डोळे, पैसे यांवर येथे अनेकदा चर्चा झालेली आहे, म्हणून ती पुन्हा नको. खेळातली आणि कार्टूनमधली लढाई मुले कशी समजून घेतात, त्यांच्या लेखी तिचा अर्थ काय असतो, एवढ्यावरच आपापली निरीक्षणे लिहावीत अशी विनंती.

जुनी_खेळाडू

कार्टून नेटवर्कवर ही मालिका हिंदीतून लागत असे, त्या काळात मी शाळेत होते आणि गेम मी आजही खेळते. त्यामुळे आधी गेममध्ये प्रत्यक्षात काय घडते ते सांगते, कारण बहुतेक पालक ही लढाई पाठीमागून, जाता-येता पाहतात.

पहिला गेम जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. टोकियोच्या वेशीवरच्या माचिदा भागात ते वाढले आणि तिथली तळी, शेते बुजून इमारती होताना त्यांनी पाहिले. शहरातल्या मुलांना किडे शोधण्याचा, दाखवण्याचा, अदलाबदल करण्याचा आनंद मिळावा, हे त्यांच्या डोक्यात होते. लढाईत प्राणी मरू नये, मूर्च्छित व्हावा, हे त्यांनी जाणीवपूर्वक ठरवले होते. १९९९ मध्ये टाइम साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत ते त्याविषयी बोलले आहेत.

आता गेमचे नियम पाहा. रानातला प्राणी पकडायचा असेल तर त्याला थकवावे लागते, पण जास्त मारले आणि तो मूर्च्छित पडला तर तो हातचा जातो. म्हणजे कुठे थांबायचे हे ज्याला कळत नाही, त्याच्या हाती काही लागत नाही. समोरच्याचा शेवटचा एक एचपी (उरलेल्या ताकदीचा गुण) नेमका शिल्लक ठेवणारा एक डावसुद्धा गेममध्ये आहे आणि जाणकार मुले तो मुद्दाम शिकवून ठेवतात. १९९९ च्या पुढच्या आवृत्त्यांपासून प्रत्येक प्राण्याच्या मैत्रीचा एक छुपा आकडा गेम मोजत असतो. तो लढाईत पडला की हा आकडा घटतो, कडू औषध पाजले तरी घटतो, आणि काही प्राणी हा आकडा पुरेसा वाढल्याशिवाय पुढच्या रूपात जातच नाहीत. छोट्या पिचूचा पिकाचू होतो तो लढाया जिंकून होत नाही, मैत्री वाढली की होतो.

मृत्यू या गेममध्ये नाही असे मात्र कोणी समजू नये. अगदी पहिल्या गेममध्ये मेलेल्या पोकेमॉनच्या थडग्यांचा एक उंच मनोरा आहे आणि तिथे एका आईचा आत्मा भेटतो. तिला खलनायकांनी मारलेले असते. मृत्यू आहे, पण लढाईत नाही. तो क्रौर्यातून येतो. लहानपणी हा भेद मला कोणी समजावून सांगितला नव्हता, तरी तो मला स्पष्ट दिसत होता.

माझ्या वयाच्या ज्यांनी ज्यांनी ही मालिका पाहिली आहे, त्यांना मी विचारत असते की लहानपणी सर्वांत जास्त कशाने रडू आले. लढाईचा प्रसंग अजून कोणी सांगितलेला नाही. बहुतेकांना आठवतो तो पावसातला चारमॅन्डर नावाचा छोटा पोकेमॉन. त्याच्या मालकाने त्याला दुबळा म्हणून सोडून दिलेले असते, परत येईन असे खोटे सांगून, आणि तो एका खडकावर वाट पाहत बसून राहतो. शेपटीवरची ज्योत विझली तर तो मरणार, आणि पाऊस तर सुरू झालेला. त्या भागात टकरीही आहेत, पण मुलांच्या मनात उतरला तो मालकाचा खोटेपणा.

बालवाडीताई

मी अनेक वर्षे बालवाडीत आणि नंतर प्राथमिक वर्गांवर काम केले आहे, म्हणून वयाचा मुद्दा मांडते. 'मुले' असा एकच शब्द आपण वापरतो, परंतु साडेतीन वर्षांचे मूल आणि सात वर्षांचे मूल एकच प्रसंग पाहत नसतात.

मानसशास्त्रज्ञ झ्याँ पियाजे यांनी १९३२ मध्ये मुलांच्या नैतिक समजुतीविषयी जे लिहिले, त्यातील एक उदाहरण येथे उपयोगी आहे. एका मुलाच्या हातून नकळत पंधरा कप फुटतात आणि दुसऱ्याच्या हातून खाऊ चोरताना एकच फुटतो, तर जास्त चुकले कोणाचे? लहान मुले बहुधा पंधरा कपवाल्याकडे बोट दाखवतात, थोडी मोठी झाली की चोरणाऱ्याकडे. लढाईच्या बाबतीत मला वर्गात हेच दिसते. धाकट्या मुलांना स्फोट, आवाज, पडणे यांचा आकार दिसतो. जो मोठ्याने आपटला त्याला जास्त लागले, एवढाच त्यांचा हिशेब असतो. साधारण पहिली-दुसरीपासून मुले हेतूकडे वळतात: "त्याने आधी विचारलं होतं का?", "दोघांवर एकटा होता ना?", "तो पडल्यावरपण मारलं." या तीन तक्रारी मी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की मुलांचा युद्धविषयक कायदा हाच आहे असे मी मानते. यातली एकही तक्रार मारण्याच्या विरोधात नाही, हे लक्षात घ्यावे. मारण्याआधी काय ठरले होते आणि मारल्यानंतर काय झाले, यावर मुलांचे लक्ष असते.

खोटी लढाई खोटी आहे हे मुलांना कळते का, असा पुढचा प्रश्न येतो. मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांनी १९५० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडांची पिल्ले लुटुपुटूची मारामारी करताना पाहिली आणि त्यांच्या ध्यानात आले की ती एकमेकांना सतत सांगत असतात, 'हा खेळ आहे'. लटका चावा हा चाव्यासारखा असतो, पण चाव्याचा जो अर्थ असतो तो त्याला नसतो. आपल्याकडची मुले तर हे उघड शब्दांत सांगतात. मुठीवर ओठ टेकवून 'टाइम प्लीज' म्हटले की कितीही रंगात आलेला खेळ जागच्या जागी थांबतो, आणि जो तरीही मारतो त्याच्याशी सगळ्यांची कट्टी होते. ज्या मुलाला 'टाइम प्लीज' पाळता येते, त्याला लढाईची चौकट कळलेली आहे असे खुशाल समजावे. ज्याला ती अजून पाळता येत नाही, त्याच्याबाबत मी सावध राहते.

कल्पित जग कल्पित असते, ही समज तर आपल्याला वाटते त्यापेक्षा लवकर येते. स्कॉलनिक आणि ब्लूम या संशोधकांनी २००६ मध्ये शाळापूर्व वयाच्या मुलांना विचारले होते की बॅटमॅनच्या दृष्टीने त्याचा साथीदार रॉबिन खरा आहे का आणि दुसऱ्याच कार्टूनमधला स्पंजबॉब खरा आहे का. मुलांचे उत्तर असे, की बॅटमॅनला रॉबिन खरा वाटेल, स्पंजबॉब खोटा वाटेल. म्हणजे खरे आणि खोटे एवढेच दोन कप्पे मुलांकडे नसतात, प्रत्येक गोष्टीचे जग वेगळे आणि त्याचे नियम वेगळे, हेही त्यांना उमगलेले असते. शब्दवेडी, तुमच्या मुलाने "मरत नाहीत, दमतात" असे म्हटले तेव्हा त्याने त्या जगाचा नियम सांगितला. खऱ्या मांजराविषयी विचारले असते तर त्याने निराळे उत्तर दिले असते.

सावधबाबा

वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण ते मला थोडे निर्धास्त वाटतात. मला दोन मुले आहेत, मोठा आठ वर्षांचा आणि धाकटी चार वर्षांची. मोठ्याला सगळे नियम कळतात हे मान्य. कार्टून मात्र दोघे एकाच सोफ्यावर बसून पाहतात आणि धाकटी ते संपल्याबरोबर दादाच्या पोटात डोके खुपसून धावत येते. तिच्यासाठी ती 'टॅकल' (पोकेमॉनचा धडक मारण्याचा डाव) आहे, दादासाठी ती दुखापत आहे.

मानसशास्त्रज्ञ बंडुरा यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६१ मध्ये केलेला प्रयोग अनेकांना माहीत असेल: मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुलीला बडवताना पाहिलेल्या मुलांनी नंतर तिला तसेच बडवले. १९६३ मध्ये त्यांनी तोच प्रसंग चित्रफितीवर आणि मांजराच्या वेशातल्या कार्टूनसारख्या पात्राकडून करवून दाखवला, तरीही मुलांनी नक्कल केली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा स्पष्ट केली, तेव्हा हिंसक गेममुळे गंभीर गुन्हे घडतात असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही असे सांगितले, आणि त्याचबरोबर आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी लहान पण सातत्याने दिसणारा संबंध आहे, हेही सांगितले. घरात मला रोज सामोरे जावे लागते ते ढकलाढकलीलाच. तेव्हा 'मुलांना कळते' एवढ्यावर मी थांबू शकत नाही.

बालवाडीताई

तुमची काळजी रास्त आहे आणि चार वर्षांच्या मुलीबाबत ती पूर्णपणे रास्त आहे. ती बाहुली मात्र पाडली की पुन्हा उभी राहावी अशीच बनवलेली होती, तेव्हा तिला मारणे आणि मित्राला मारणे मुलांच्या लेखी एकच होते का, ही शंका त्या प्रयोगाबद्दल अनेक अभ्यासकांनी घेतली आहे. नक्कल होते, हे निर्विवाद. पण कशाची होते, हे पाहावे लागते. तुमची धाकटी डोके खुपसून धावते, म्हणजे तिने लढाईचा पहिला अर्धा भाग उचलला. दुसरा अर्धा भाग, म्हणजे थांबणे, उचलणे, उपचार करणे, तिने अजून उचललेला नाही, कारण त्या वयात लक्ष जाते ते गतीकडे आणि आवाजाकडे. जे कार्टून हा दुसरा भाग दाखवतच नाही, त्याची मला अधिक चिंता वाटते. पाटा डोक्यावर पडतो, डोके चपटे होते, पुढच्या दृश्यात ते जसेच्या तसे असते आणि सगळे हसतात. तिथे प्राणी गोळा करणे नाही, पकडणे नाही, म्हणून आजी-आजोबांना ते निरुपद्रवी वाटते. हरलेल्याला हसायचे असते हा धडा मुले तिथे किती सहज घेतात, ते मी मधल्या सुट्टीत पाहिले आहे.

ओघात एक गोष्ट नोंदवते. या मालिकेमुळे मुलांना प्रत्यक्ष शारीरिक इजा झाल्याची सर्वांत मोठी घटना १६ डिसेंबर १९९७ ची, जपानमधली. त्या दिवशी सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्याचे कारण लाल-निळ्या प्रकाशाचा वेगवान लखलखाट हे होते, लढाईचा आशय नव्हे. मालिका चार महिने बंद राहिली.

शब्दवेडी

'हरलेल्याला हसणे' या शब्दांवर मी अडखळले, कारण आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागच्या आठवड्यात तेच घडले. दोन मुले स्कूटरच्या सीटवर कार्डे मांडून खेळत होती. खेळ सोपा, ज्याच्या कार्डावरचा आकडा मोठा तो जिंकला. कोणी कोणाला हातही लावला नव्हता. तरीही धाकटा मुलगा हमसाहमशी रडत वर आला. त्याचे चकचकीत चारिझार्डचे कार्ड गेले होते, कारण 'जिंकला त्याचं कार्ड' असे मोठ्याने खेळ संपल्यावर जाहीर केले, आणि बाकीची मुले "लूजर, लूजर" म्हणून टाळ्या पिटत होती. त्याची आई खाली आली आणि तिने सगळ्यांसमोर निवाडा दिला, की हे मारामारीचे खेळ बंद.

मला तेव्हाच वाटले की इथे मारामारी कुठेच नव्हती. चित्रातला ड्रॅगन कोणाला भाजत होता याच्याशी त्या रडण्याचा काही संबंध नव्हता. नियम आधी सांगितला नव्हता, जिवाभावाची वस्तू गेली होती आणि वर हसे झाले होते. मूल ज्याला लढाई म्हणून अनुभवते ती कदाचित हीच असावी, आणि आपण बंदी घालतो ती भलत्याच गोष्टीवर. बाहेर 'रडीचा डाव खडी' म्हणणारी पोरे आमच्याही लहानपणी होती, पण गोट्या जिंकून घ्यायच्या की परत द्यायच्या हे आम्ही डावाआधी ठरवत असू.

घाटावरचा

मी मूळचा खेड तालुक्यातला, नोकरीमुळे गेली बरीच वर्षे भोसरीत राहतो. आत्तापर्यंतची चर्चा मुलांच्या बाजूने चालली आहे. मला त्या प्राण्याच्या बाजूने काही लिहायचे आहे, कारण शब्दवेडी यांच्या सासूबाईंचा मूळ प्रश्न तोच होता आणि त्याला अजून कोणी उत्तर दिलेले नाही.

आमच्या घरी शर्यतीचे बैल होते. बैलगाड्याची शर्यत जिथे होते त्या चढाच्या धावपट्टीला आम्ही घाट म्हणतो आणि एका गाड्याच्या धावेला बारी. माझ्या वडिलांनी त्या बैलांना स्वतःच्या तोंडचा घास दिलेला आहे, त्यांच्या पायाला काटा लागला तर ते रात्रभर गोठ्यात बसून राहिले आहेत. आणि तरीही बैलाला कोणी विचारलेले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यती बंद केल्या तेव्हा आमच्या गावात सुतक पडल्यासारखे झाले. पुढे राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो बदल वैध ठरवला. या सगळ्या काळात आमच्याकडे जो वाद झाला, तो याच प्रश्नावर होता. माया असली म्हणजे संमती मिळाली असे होते का?

लढाईनंतरची शुश्रूषा पाहून मूल करुणा शिकते, हे मला पटते. पण त्याच वेळी ते आणखीही एक गोष्ट शिकते, की आपण नीट काळजी घेतली तर दुसऱ्या जिवाला आपल्या हौसेसाठी मैदानात उतरवण्याचा हक्क आपल्याला मिळतो. ही शिकवण रक्ताच्या चित्रापेक्षा कितीतरी हळू आणि खोल उतरते. बैल माझ्या वडिलांवर जीव लावून होते, यात मला शंका नाही. तरी आज मी माझ्या मुलीला शर्यतीला नेतो तेव्हा हा प्रश्न तिच्यासमोर ठेवतो आणि तिच्या उत्तरात ढवळाढवळ करत नाही.

टेकडीकर

घाटावरचा यांनी फार मोलाचे लिहिले आहे. त्याला जोडून एक पाहिलेली गोष्ट सांगतो.

मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मुलांना पक्षी आणि किडे दाखवायला नेतो. मागच्या पावसाळ्यात दोन मुलांनी पायथ्याच्या सोसायटीतून मोठ्या आफ्रिकन गोगलगायी उचलून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात आणल्या होत्या. डबा कट्ट्यावर ठेवला, गोगलगायी समोरासमोर केल्या आणि "अटॅक!" असे ओरडून झाले. दोघींनी आपापली शिंगे आत ओढून घेतली. एकीला काडीने पुढे ढकलले, तर तिने अंगाभोवती फेसाचे बुडबुडे काढले आणि ती पूर्ण शंखात गेली. मुले गप्प झाली. मी काही बोलायच्या आत त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "यांना नाही खेळायचंय." मग त्यांनी डबा आडवा केला आणि दोघी बाहेर येईपर्यंत ते वाट पाहत बसले. आफ्रिकन गोगलगाय ही बाहेरून आलेली, पिकांची नासधूस करणारी जात आहे आणि ती हाताळल्यावर हात साबणाने धुवायला हवेत, हे मी नंतर सांगितलेच. पण तो धडा वेगळा.

काडीने ढोसणे थांबले ते मी थांबवले म्हणून नाही. समोरच्या जिवाने दिलेला नकार मुलांना वाचता आला. ज्या मुलांनी खरा प्राणी कधी जवळून पाहिलेलाच नाही, त्यांना तो वाचता येईल का, याची मला धास्ती वाटते. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास २००२ मध्ये सायन्स या नियतकालिकात आला होता. आठ वर्षांची मुले पोकेमॉनपैकी सुमारे ८० टक्के ओळखत होती आणि आजूबाजूच्या खऱ्या वन्यजीवांपैकी निम्म्याच्या आसपास. हा दोष गेमचा नाही, गेमने तर मुलांची स्मरणशक्ती किती अफाट असते हे दाखवून दिले. खरे प्राणी दाखवायला आपण कमी पडतो.

आणि ज्यांना नियम लागतात त्यांच्यासाठी: करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याशी लढायला चिथावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि त्या कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे सांगितले की ती फार गंभीरपणे ऐकतात.

जुनी_खेळाडू

संमतीचा प्रश्न गेम बनवणाऱ्यांनाही पडलेला आहे, हे घाटावरचा यांना आवर्जून सांगावेसे वाटते. २०१० मध्ये आलेल्या आवृत्तीत संपूर्ण कथाच या प्रश्नाभोवती आहे. त्यात एन नावाचा तरुण आहे, त्याला पोकेमॉनचे बोलणे कळते आणि माणसांनी त्यांना मुक्त करावे असा त्याचा आग्रह असतो. त्याला खलनायक म्हणून मोडीत काढलेले नाही. त्याचा वापर करून घेणारा खलनायक वेगळा आहे. मी तो गेम खेळले तेव्हा कॉलेजात होते आणि एनचे म्हणणे खोडून काढणे मला सोपे गेले नव्हते. मालिकेच्या पहिल्याच भागात पिकाचू चेंडूत (पकडलेला पोकेमॉन ठेवायची ती 'डबी') जायला साफ नकार देतो आणि मालिकेचा नायक ॲश तो नकार मान्य करतो, ही सुरुवात म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. पावसातल्या चारमॅन्डरकडे त्याचा जुना मालक परत येतो तेव्हाही कोणाबरोबर जायचे हे चारमॅन्डर स्वतः ठरवतो. आणि ज्यांना लढाईच नको असेल त्यांच्यासाठी १९९९ पासून असा एक गेम आहे, ज्यात प्राण्यांचे फक्त फोटो काढायचे असतात.

अर्थात, पिकाचूला विचारले गेले आणि बाकीच्या शेकडो प्राण्यांना विचारले गेले नाही, हा आक्षेप त्यावरही घेता येतो. मी तो घेते.

सावधबाबा

चर्चा वाचून मी घरी एक प्रयोग केला. लढाईचा भाग संपल्यावर टीव्ही बंद केला आणि "कोण जिंकलं?" या नेहमीच्या प्रश्नाऐवजी मोठ्याला विचारले, की हरलेल्याला आत्ता काय वाटत असेल. तो म्हणाला, "त्याला पुन्हा मॅच हवी असेल." धाकटीला तेच विचारले. ती म्हणाली, "त्याला आई हवी असेल." एकाच सोफ्यावर बसलेल्या दोघांनी दोन निरनिराळ्या लढाया पाहिल्या होत्या. तिच्यासाठी अजून वर्षभर तरी ही मालिका नको, असे मी आणि बायकोने ठरवले. मोठ्याची बंद करणार नाही. बालवाडीताई, तो पाहत असताना धाकटीला दुसऱ्या खोलीत पाठवणे म्हणजे तिला शिक्षा वाटेल का?

बालवाडीताई

वाटेल, म्हणून तिला एकटीला पाठवू नका. ती वेळ तुमच्यापैकी एकाने तिच्यासोबत काढावी. आणि दादा नंतर प्राण्यांची खेळणी काढून बसेल तेव्हा तिला जरूर सामील करून घ्या, कारण पडद्यावरची लढाई तिच्या वेगाने थांबत नाही, पण फरशीवरची थांबते. तिथे तिला 'टाइम प्लीज' शिकवा. दादाने ते प्रत्येक वेळी पाळायचे, तो जिंकायच्या बेतात असला तरीही, एवढे त्याच्याकडून कबूल करून घ्या. "पुन्हा मॅच हवी असेल" हे त्याचे उत्तर वाईट नाही. त्याच्या वयाला हरणे म्हणजे पुढच्या डावाची तयारी असते. मात्र हरलेल्याला मॅच नको असेल तर काय, हा पुढचा प्रश्न त्याला विचारून पाहा.

शब्दवेडी

पार्किंगमधल्या कार्डांचे पुढे काय झाले ते कळवते. आम्ही चार-पाच आयांनी खेळ बंद न करता मुलांनाच नियम लिहायला बसवले. 'कार्ड जिंकायचं का नाही ते आधी बोलायचं', 'हरल्यावर चिडवलं तर पुढचा डाव नाही', 'पहिलीच्या खालच्यांची कार्डं परत द्यायची' असे त्यांनीच लिहिले आणि लिफ्टशेजारी चिकटवले. चारिझार्ड मूळ मालकाकडे परत गेला.

सासूबाईंना मी हा सगळा धागा वाचून दाखवला. घाटावरचा यांचा प्रतिसाद त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावला. त्यांचे मत बदललेले नाही. डबीत कोंडणे त्यांना आजही मान्य नाही आणि तसे त्यांनी नातवाला स्पष्ट सांगितले. त्याने बराच विचार करून त्यांना विचारले, "मग डबीचं झाकण उघडं ठेवलं तर चालेल?" त्यावर त्या दोघांची बोलणी अजून चालू आहेत.